अक्काने कापलेली भाकर

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. उपदेश संपतो, दानाची थैली फिरते, मग दोन पंच पुढे जातात आणि मेजावरचं पांढरं कापड दोन टोकांना धरून उचलतात. ते कापड उचललं की माझी थोरली बहीण शेवटच्या बाकावरून उठते, पर्स काखेला लावते आणि दाराबाहेर जाते. अंगणात पाण्याचा हौद आहे, त्याच्या कठड्यावर बसते. आत आम्ही रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकतो, भाकर खातो, प्याला घेतो. शेवटच्या गीताला ती परत आत येते आणि आमच्याबरोबर उभी राहून गाते. तिचा आवाज चांगला आहे. तुमच्याकडे शेवटचं गीत फार सुंदर होतं, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. पहिल्या गीतालाही ती असतेच, पण तेव्हा ती अशी गात नाही.

हे तीसेक वर्षं चाललंय. लोकांना त्याची इतकी सवय झालीय की कुणी मान वळवूनही बघत नाही. उन्हाळ्यात हौदाचा कठडा तव्यासारखा तापतो, म्हणून कुणा भल्या माणसाने तिथे एक पोतं टाकून ठेवलंय. त्यातच आमच्या मंडळीची प्रीती संपली.

तिचं नाव सलोमी. मी लुदिया, तिच्याहून धाकटी, शाळेतून निवृत्त, लग्न न केलेली आणि जिभेने तिखट. शेवटचं विशेषण लोकांचं आहे, पण मला त्यावर काही म्हणायचं नाही. अक्का दवाखान्यात नर्स होती. दवाखान्याच्या गाद्या भरून घ्यायला ती विजापूर वेशीतल्या लालसाब नदाफांच्या दुकानात जायला लागली, आणि गाद्या संपल्या तरी जात राहिली. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. धर्म कुणीच बदलला नाही. दाजी शुक्रवारी मशिदीत जातात, ही रविवारी चर्चमध्ये येते, आणि बाकीचे पाच दिवस दोघं एकमेकांशी भांडतात. कुठल्याही घरात असतं तसं ते घर आहे.

आमचे बाबा तेव्हा चर्चचे पंच होते. सलोमीला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं असा ठराव सभेत आला. विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर एका जुवाखाली जाऊ नका, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहून ठेवलंय. पौलाला सोलापूर माहीत नव्हतं, पण आमच्या पंचांना पौल पाठ होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत आधी बाबांचा हात वर गेला. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि त्या दिवसानंतर अक्काचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तो वर गेलेला हात अजून खाली आलेला नाही.

प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरी तयार होते. आई होती तोवर ती करायची, आता मी करते. भाकर म्हणायचं, पण असतो तो लष्कर भागातल्या बेकरीचा पाव. त्याच्या कडा काढायच्या, आतल्या पांढऱ्या भागाचे लहान चौकोन करायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून प्याल्याचा रस करायचा. शनिवारी दुपारी दाजी अक्काला स्कूटरवरून माझ्या दारात सोडतात आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसतो. मनुका माझ्याकडे, पाव तिच्याकडे. नर्सचे हात आहेत, एक तुकडा दुसऱ्याहून मोठा होत नाही. कडा चहात बुडवून आम्ही त्यांचा फडशा पाडतो. पण त्या चौकोनांतला एकही तुकडा तिने कधी तोंडात टाकला नाही. त्यावर अजून प्रार्थना झालेली नसते, तो नुसता पाव असतो, कुणाचीच हरकत नसते. तरीही पाटावर पडलेला चुरा ती तळहातात गोळा करते, खिडकीत चिमण्यांसाठी ठेवते आणि हात धुते.

गेल्या वर्षी एकदा मी तिला विचारलं, की बाई गं, तू स्वतःला कशाला छळतेस? दवाखान्यातल्या तुझ्या मैत्रिणी त्या दुसऱ्या चर्चमध्ये जातात, तिथे तुला कुणी विचारणार नाही, जा आणि घे. तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “भाकर देताना पाळक ‘तुझ्यासाठी’ म्हणतो ना, लुदी, ते मला इथं ऐकायचंय. जिथं मला बाप्तिस्मा दिला तिथं. आई गुडघे टेकायची त्या जागी. दुसरीकडे जाऊन मी पाहुणी होईन. मला घरच्यासारखं जेवायचंय.”

मी मनुकांच्या पातेल्यात बघत राहिले. खरं सांगायचं तर ती भूक मलाही आहे. गुडघे टेकले की माझ्या डाव्या बाजूला आई असायची आणि आईच्या पलीकडे अक्का. आई गेली, त्याला इलाज नव्हता. पण अक्का जिवंत आहे, वीस पावलांवर हौदाशी बसलेली आहे, आणि माझ्या डाव्या हाताला पेंटरची बायको गुडघे टेकते. ती चांगली बाई आहे. पण ती माझी कोण?

त्याच वर्षी आमच्याकडे नवा पाळक आला. अजिंक्य त्याचं नाव, नगरकडचा, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. मोटारसायकलवरून येतो आणि उपदेशात मूळ ग्रीक भाषेत काय आहे ते सांगतो. आमच्या लोकांना मूळ मराठीतलंच नीट ऐकू येत नाही, पण पोरगा मनापासून बोलायचा. पहिल्याच प्रभुभोजनाला त्याने अक्काला बाहेर जाताना पाहिलं आणि उपासनेनंतर मला विचारलं, की त्या बाईंना बरं वाटत नव्हतं का. तीस वर्षांत हे विचारणारा तो पहिला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आपण शास्त्रात बघू.

आणि दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास सुरू झाला. विषय ठेवला होता ‘विश्वास आणि विवाह’. विषय कुणाचा आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून गर्दी झाली. एरवी बुधवारी चार म्हाताऱ्या आणि एक पंखा असतो.

आमच्यातले सगळ्यांत जुने पंच म्हणजे स्तेफनकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ, कोरड्या आवाजाचे. बाबांचे मित्र. शास्त्र त्यांना असं पाठ की पान न उघडता ओळ सांगतील. त्यांनी पहिल्याच बुधवारी जुवाचं वचन ठेवलं. पाळकाने रूथ काढली: ती मवाबी, परक्या देवाची, तरी तिच्याच वंशात पुढे दाविद जन्मला. काकांनी एज्रा काढला, ज्याने परक्या बायका पोराबाळांसह घालवून दिल्या. पाळकाने मोशेची कूशी बायको काढली, जिच्यावरून बोलणाऱ्या त्याच्या बहिणीला, मिर्यामेला, कोड फुटलं. कुणीतरी शलमोनाच्या बायका काढल्या, त्या इतक्या निघाल्या की तो बुधवार त्यातच गेला. मी ऐकत होते. प्रत्येकजण आपापलं वचन घरून डब्यासारखं घेऊन आला होता आणि दुसऱ्याच्या डब्यात कुणी हात घालत नव्हतं.

मग पाळकाने पौलाचंच दुसरं वचन समोर ठेवलं. एखाद्या बहिणीचा नवरा विश्वास न ठेवणारा असेल आणि तिच्याजवळ राहायला राजी असेल, तर तिने त्याला सोडू नये. बायकोमुळे तोही पवित्र होतो. वाचून झाल्यावर खोलीत जरा हवा आल्यासारखं वाटलं. पण स्तेफनकाका हलले नाहीत. ते म्हणाले, की हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचं लग्न आधी झालं आणि विश्वास नंतर आला. सलोमीचा बाप्तिस्मा आधी झाला होता, दृढीकरण होऊन ती मेजाशी येऊ लागली होती, ती या मंडळीत शब्बाथशाळेत शिकवत होती. तिने जाणून केलं. पाळकाने पुस्तक मिटलं. खोटं कशाला बोलू, काकांचं वाचन चूक नव्हतं. वचन त्यांच्याच बाजूने झुकत होतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले. म्हटलं, शास्त्रात असंही आहे की भावाशी वाकडं असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे दोघंजण सख्ख्या भावांशी कोर्टात भांडताहेत आणि दर महिन्याला पहिल्या रांगेत गुडघे टेकताहेत, त्यांना कोण अडवतं? पेंटरच्या बायकोने पदर तोंडावर घेतला. मी तिथे थांबायला हवं होतं. पण जीभ एकदा सुटली की ती माझी राहत नाही. मी म्हणाले, “आणि तुम्ही जी भाकर खाता ना, ती कोण कापतं माहीत आहे? बाबा गेल्यापासून प्रत्येक पहिल्या रविवारची भाकर माझ्या अक्काने कापलीय. तुम्ही सगळे तिच्या हातचं खाताय, आणि ती उन्हात बसलीय.”

मग एका म्हातारीने हळूच विचारलं, की मग इतक्या वर्षांचं ते प्रभुभोजन धरायचं की नाही. पाळक म्हणाला, धरायचं, प्रार्थना होईपर्यंत तो पाव असतो, कापणाऱ्या हाताने त्याचं काही बिघडत नाही. पण स्तेफनकाकांचा चेहरा उतरला होता. रागावण्यापेक्षा दुखावल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की पंचांची सभा घ्या, याचा एकदाच निकाल लावा, आणि तोवर सलोमीने त्या पावाला हात लावू नये. म्हणजे मी भांडून मिळवलं काय, तर तिच्याकडे होतं तेवढंही घालवलं.

पंचांच्या सभेला मीही होते, बायकांच्या जागेवरून मला निवडून दिलंय. मी तयारी करून गेले होते. कोणतं वचन कोण काढणार आणि त्याला मी काय म्हणणार, सगळं ठरलेलं. पण स्तेफनकाकांनी त्या दिवशी वचन काढलंच नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, “लुदिया, तुला माझी प्रियंका माहीत आहे. सिद्धाराम नावाचा मुलगा होता, लिंगायताचा. चांगला मुलगा. घरी येऊन माझ्या पाया पडला होता. मी शास्त्र उघडून पोरीसमोर ठेवलं, हेच जुवाचं वचन. तिने वाचलं आणि ऐकलं माझं. आज ती कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटी राहते. आता तुम्ही ठरवलंत की त्या वचनाचा अर्थ तसा नाही, तर मी तिला काय सांगू?”

माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती. चारही गिळली. प्रियंका माझ्या वर्गात होती. हसरी, हात वर करून उत्तर द्यायला धडपडणारी पोर. दिवाळीत बापाला भेटायला येते तेव्हा ती शेजारी बसून उपासना ऐकते आणि कुणाशी न बोलता जाते. काकांना अक्काचा राग नव्हता. अक्का आत आली असती तर त्यांची पोरगी फुकटच एकटी राहिली असं झालं असतं, एवढंच होतं. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

शेवटी पाळकाने तोड काढली. लग्न मोडा असं शास्त्र सांगत नाही, तेव्हा लग्न राहील. पण आज्ञा मोडली होती, तेव्हा पश्चात्ताप हवा. येत्या प्रभुभोजनाला सलोमीने मंडळीसमोर उभं राहावं. पाळक एकच प्रश्न विचारेल: वचनाविरुद्ध जाऊन तू हे लग्न केलंस, त्याचा तुला पश्चात्ताप आहे का? तिने हो म्हणावं आणि मेजाशी यावं. काकांनी मान हलवली. मीही हात वर केला. एक ‘हो’. त्या ‘हो’च्या पलीकडे माझी बहीण माझ्या शेजारी गुडघे टेकणार होती, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी विजापूर वेशीत गेले. दुकान पुढे, घर मागे. दाजी कापसाच्या ढिगात बसून गादीला टाके घालत होते, अक्का तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. अक्काने सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत राहिली. बोलले ते दाजी.

“व्हय म्हन की,” ते तिला म्हणाले. “एक शब्दच हाय न्हवं? लुदीताई, तुमी सांगा तिला. माज्या रोज्याला हिनं माज्याआदी उठून चहा-भाकरी केलीया, इतकी वर्सं, सोता रोजा नसताना. माज्या आईचं शेवटचं दुखनं हिनं काडलं. आमच्यात कुनी तिला आडवलं न्हाई. आता तिला तिच्या देवाच्या पंगतीला बसायचंय, तर मी मदी आडवा यीऊ व्हय? तोंडानं चूक म्हनली म्हनून मी काय चूक हुतो का? मला ठावं हाय मी कोन हाय त्ये.”

बोलता बोलता त्यांनी सुई कापडात खुपसली ती पुन्हा बाहेर काढायला विसरले. अक्काने विचारलं, की मग गुलनाज कोण? गुलनाज त्यांची मुलगी, होटगीला दिलेली, दोन लेकरांची आई. पश्चात्तापाच्या लग्नाची पोर कोण असते? मी म्हटलं, दाविदाने बथशेबेशी जे केलं ते पाप होतं, तरी त्याच लग्नातून शलमोन जन्मला आणि त्याने देवाचं मंदिर बांधलं. अक्का माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, तूही आणलंस का गं वचन? मला लाज वाटली, पण मी माघार घेतली नाही. सांगत राहिले, समजावत राहिले, आईचं नाव काढलं, जे जे हाताशी होतं ते सगळं वापरलं. शेवटी तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“म्हणेन मी,” ती म्हणाली. “मला आत जायचंय, लुदी. फार वर्षं झाली.”

त्या शनिवारी पाव मी एकटीने कापला. तुकडे लहानमोठे झाले.

रविवारी अक्का आईची पांढरी सुती साडी नेसून आली. दाजी तिला सोडून परत जातील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी स्कूटर लावली, टोपी खिशात घातली आणि तिच्याबरोबर आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. आपल्याला वाईट वाटलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून आले होते. प्रत्येक गीताला ते उभे राहिले. पुस्तक उलटं धरलं नव्हतं एवढंच. ओठ मिटलेले होते. मीही शेवटच्या बाकावर, अक्काच्या या बाजूला बसले. उपदेशात काय होतं ते मला विचारू नका. मी अक्काचा हात धरून मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होते, की बाई, हो म्हण, हो म्हण.

मेजावरचं कापड उचललं. अक्का सवयीने उठलीच, पर्स काखेला लावली, आणि मग आठवलं तशी तिथेच उभी राहिली. पाळकाने तिला नाव घेऊन पुढे बोलावलं. ती मधल्या वाटेने गेली. साठीची बाई, पण तेव्हा ती मला दृढीकरणाला निघालेल्या मुलीसारखी दिसली. पाळकाने प्रश्न विचारला.

तिने मेजाकडे पाहिलं. ताटात माझे वाकडेतिकडे तुकडे होते, तिच्यापासून हातभर लांब. इतक्या जवळ ती इतक्या वर्षांत गेली नव्हती. तिला ते किती हवं होतं हे पाठमोरी असूनही कळत होतं. उपाशी माणूस ताटाकडे बघताना त्याची मान कशी होते, तशी तिची झाली होती. मग ती मंडळीकडे वळली.

“बाबांचा निरोप न घेता घरातून गेले, त्याचा मला पश्चात्ताप आहे,” ती म्हणाली. “आई आजारी होती तेव्हा बाबा दारात बोलले म्हणून मी रागाने परत गेले, आणि आईला शेवटची भेटले नाही. त्याचा रोज होतो. लग्नाचा नाही. त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. ‘हो’ म्हणायचं ठरवून आले होते, पण त्याच्या मेजाशी खोटं बोलून कशी जाऊ?”

दाजींनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. पाळकाने पंचांकडे पाहिलं. पंचांनी स्तेफनकाकांकडे पाहिलं. काका खाली बघत होते, त्यांनी मान हलवली नाही, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. आणि मी? मीही पंच आहे. मला उठून ओरडायचं होतं, पण इतकी वर्षं तिखट म्हणून मिरवलेली जीभ टाळूला चिकटून बसली. पाळक हळूच म्हणाला, बसा अक्का. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ शास्त्रात आहे. आमच्या पाळकाने पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

अक्का परत आली. मला वाटलं, आता ती बाहेर जाईल. पण ती दाजींच्या आणि माझ्या मध्ये बसली आणि पर्स मांडीवर ठेवली.

रांगा पुढे जाऊ लागल्या. शेवटच्या बाकाची पाळी आली तेव्हा मी एकटी उठले. गुडघे टेकले. पाळकाने माझ्या तळहातावर भाकर ठेवली आणि ‘तुझ्यासाठी’ म्हणाला. मी ती तोंडात घातली नाही. मूठ मिटली आणि उठले. मागून स्तेफनकाका प्याल्यांचं ताट घेऊन येत होते. त्यांनी माझी मूठ पाहिली. मी काय करणार आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांनी मला वाट दिली. त्यांचे डोळे भरले होते. कुणासाठी ते मला माहीत आहे.

मी बाकापाशी येऊन अक्काच्या समोर मूठ उघडली. घामाने तुकडा ओला झाला होता. त्याचे दोन भाग केले आणि एक तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं, घेतला. मग तिने माझी बोटं एकेक करून मिटवली.

“चोरून नको, लुदी,” ती म्हणाली. “मी लग्नही चोरून केलं नव्हतं.”

मी म्हटलं, मग मीही खाणार नाही.

“दोघी उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहे? तू खा. तुला दिलंय ते. मी आता बाहेर जाणार नाही. दर महिन्याला इथंच बसणार, मला नाव घेऊन बोलावतील तोवर.”

दाजी पलीकडून हळूच म्हणाले, “खावा, लुदीताई.” ते दोन्ही तुकडे मी खाल्ले. समोर पाळक मेज आवरत होता, उरलेली भाकर ताटात गोळा करत होता, आणि ती पुष्कळ उरली होती. अक्का त्याच्या हातांकडे बघत बसली होती. त्याने एकदाच मान वर करावी आणि तिचं नाव घ्यावं, एवढंच मी मागत होते. त्याने ताटावर कापड टाकलं.